ॲक्टिन : एका नावाने झाकलेला इतिहास

शब्द एकदा रूढ झाला की तो विचाराला वाट दाखवतो आणि त्याच वेळी कुंपणही घालतो. साहित्याच्या वाचकाला हे नव्याने सांगावे लागत नाही. एखाद्या लेखकाला 'विनोदी' म्हटले की त्याच्या करुणेकडे पाहायचे राहून जाते. एखाद्या कवितेला 'निसर्गकविता' म्हटले की तिच्यातला माणूस दिसेनासा होतो. विज्ञानाच्या प्रांतात मात्र नावे निरुपद्रवी असतात, ती वस्तूवर चिकटवलेली चिठ्ठी असते, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखवणारा एक इतिहास आम्ही येथे मांडू इच्छितो. तो ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचा इतिहास आहे. हे प्रथिन आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत विपुल प्रमाणात असते. पेशी सरपटते ती त्याच्या बळावर, गर्भात अवयवांना घड्या पडतात त्या त्याच्या ओढीने, आणि कर्करोगाची पेशी आपली हद्द ओलांडून शेजारच्या ऊतीत घुसते तीही त्याच्याच आधाराने. तरीही ते सापडल्यानंतर जवळपास पाव शतक जग त्याला 'स्नायूचे प्रथिन' म्हणून ओळखत होते.

१

आरंभ मात्र संकुचित नव्हता. व्हिल्हेल्म क्यूने या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा विषय होता जीवद्रव्य आणि आकुंचनशीलता. बेडकाच्या स्नायूतून मिठाच्या द्रावणाने निघणाऱ्या प्रथिनाला 'मायोसिन' हे नाव त्याने याच ग्रंथात दिले. परंतु त्याचे कुतूहल स्नायूपुरते नव्हते. अमीबासारखे एकपेशीय जीव, वनस्पतीच्या पेशीतले वाहते जीवद्रव्य आणि प्राण्याचा स्नायू या सर्वांच्या हालचालीमागे एकच गुणधर्म असेल काय, हा प्रश्न त्याने एका दमात विचारला होता. एकोणिसाव्या शतकाला असे प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत नसे.

पुढे ज्ञानाच्या वाटण्या झाल्या. स्नायू शरीरशास्त्रज्ञांकडे गेला. त्याचे वजन करता येई, त्याला विजेचा झटका देता येई, त्याची ओढ मोजता येई. अमीबा प्राणिशास्त्रज्ञांकडे राहिला आणि गर्भ भ्रूणशास्त्रज्ञांकडे. कर्करोग रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञांच्या काचपट्टीवर आला, आणि तेथे तो मृत, रंगवलेला, स्थिर असा होता. चार घरांत एकाच वस्तूचे चार तुकडे पडले होते आणि कोणत्याही घराला दुसऱ्या घराची खिडकी नव्हती.

'पेशीचा सांगाडा' ही कल्पनाही या काळात जन्मली. निकोलाय कोल्त्सोव्ह या रशियन जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात असे सुचवले की, पेशीला आपला विशिष्ट आकार टिकवण्यासाठी आतून आधार लागत असला पाहिजे. १९३१ मध्ये पॉल विंत्रेबेर या फ्रेंच भ्रूणशास्त्रज्ञाने त्यासाठी 'सितोस्क्लेत' हा शब्द वापरला. इंग्रजीतला 'सायटोस्केलेटन' आणि मराठीतला 'पेशीकंकाल' ही त्याचीच भावंडे. शब्द सोयीचा होता, पण त्याच्याबरोबर हाडांची प्रतिमाही आली: कठीण, टिकाऊ, मृत्यूनंतरही उरणारी. ज्या वस्तूला हे नाव मिळाले ती क्षणाक्षणाला मोडते आणि पुन्हा बांधली जाते, हे कळायला आणखी चार दशके जायची होती.

२

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी हंगेरीतील सेगेद या शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांची प्रयोगशाळा होती. शरीरातील ज्वलनक्रिया आणि क जीवनसत्त्व यांवरील कामासाठी त्यांना १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. सेगेदच्या परिसरात पिकणाऱ्या लाल मिरचीतून त्यांनी हे जीवनसत्त्व मुबलक मिळवले, ही कथा बहुश्रुत आहे. त्यानंतर ते स्नायूकडे वळले. मॉस्कोत व्लादिमिर एंगेलहार्ट आणि मिलित्सा ल्युबिमोव्हा या दांपत्याने १९३९ मध्ये एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. मायोसिन हे केवळ बांधकामाचे साहित्य नसून पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, तोडण्याचे कामही करते. इंधन जाळणारे यंत्र आणि हलणारे यंत्र एकच असेल, ही शक्यता सेंट-ग्यॉर्गी यांना मोहात पाडणारी होती.

या प्रयोगशाळेतील इलोना बांगा यांचे नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. बांगा आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी सशाचा कुटलेला स्नायू मिठाच्या द्रावणात वीस मिनिटे ठेवला तेव्हा पातळसा मायोसिन-द्राव मिळाला. तोच स्नायू चोवीस तास तसाच राहू दिला तेव्हा मिळालेला द्राव दाट आणि चिकट होता. त्यात एटीपी टाकताच त्याचा दाटपणा उतरे. पहिल्याला त्यांनी 'मायोसिन अ' आणि दुसऱ्याला 'मायोसिन ब' म्हटले. एखाद्या उतावळ्या संशोधकाने दाट द्राव नासलेला समजून फेकून दिला असता. या मंडळींनी 'ब' द्राव बारीक नळीतून पाण्यात सोडून त्याचे धागे केले आणि त्यांवर उकळलेल्या स्नायूचा अर्क घातला. धागे आखडले. शरीराबाहेर, काचेच्या बशीत, केवळ प्रथिनांच्या धाग्याने आकुंचन पावावे हे तोवर कोणी पाहिले नव्हते. आयुष्यात इतके रोमांचक दुसरे काही आपण पाहिले नाही, अशा अर्थाचे उद्गार सेंट-ग्यॉर्गी यांनी पुढे काढले.

'अ' आणि 'ब' यांतील फरक कोणता, हा प्रश्न ब्रुनो श्ट्राउब या तरुण सहकाऱ्याने सोडवला. मायोसिन काढून घेतल्यावर उरलेला स्नायू त्याने ॲसिटोनने धुऊन वाळवला आणि त्या भुकटीतून पाण्याने एक नवे प्रथिन बाहेर काढले. १९४२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. हे प्रथिन मायोसिनला क्रियाशील करते म्हणून त्याचे नाव ॲक्टिन. म्हणजे नावातच त्याचे दुय्यमत्व होते: मायोसिन नायक आणि ॲक्टिन त्याला जागे करणारा सेवक. श्ट्राउब यांना आणखी एक गोष्ट दिसली. शुद्ध पाण्यात हे प्रथिन सुट्या गोलसर रेणूंच्या रूपात राहते आणि मीठ मिळताच त्याचे लांब तंतू बनतात. स्नायूच्या अभ्यासकांना ही एक रासायनिक गंमत वाटली. पेशीच्या हालचालीचे सारे रहस्य याच गमतीत दडलेले होते.

हे निबंध सेगेदच्या संस्थेने स्वतः छापलेल्या पुस्तिकांतून निघाले. युद्धाने सीमा बंद केल्या होत्या. बाहेरच्या जगाला या कामाचा नीट परिचय १९४५ मध्ये स्कँडिनेव्हियन नियतकालिकाच्या पुरवणीतून झाला. दरम्यान सेंट-ग्यॉर्गी १९४३ मध्ये व्याख्यानाच्या मिषाने इस्तंबूलला जाऊन दोस्त राष्ट्रांशी गुप्त संपर्क साधून आले. ते जर्मनांना कळले आणि युद्धाचा उरलेला काळ त्यांना लपून काढावा लागला. सेगेदमध्ये बांगा यांनी प्रयोगशाळेच्या दारावर, आत संसर्गजन्य सामग्री असल्याच्या पाट्या निरनिराळ्या भाषांत लावून उपकरणे लुटीपासून वाचवली. शास्त्राच्या इतिहासात अशा पाटीलाही एका निबंधाइतके मोल असते असे आम्हांस वाटते. बांगा यांनी पुढे एलास्टेज या विकराचा शोध लावण्यात वाटा उचलला. श्ट्राउब १९८८-८९ मध्ये, साम्यवादी राजवटीच्या अखेरच्या पर्वात, हंगेरीच्या राष्ट्रप्रमुखपदी पोहोचले.

३

युद्धानंतर स्नायूचे शास्त्र झपाट्याने पुढे गेले. १९५४ मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ नीडरगेर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते, पण निष्कर्ष एक होता: स्नायू आखडतो तेव्हा त्यातले तंतू आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनचे जाड तंतू ॲक्टिनच्या पातळ तंतूंना ओढतात. हे चित्र इतके सुबक होते की ॲक्टिनची जागा त्यात कायमची ठरून गेली. ॲक्टिन म्हणजे स्नायूतला दोर.

या ठरलेल्या जागेतून त्याला बाहेर काढले ते एका चिखलट जीवाने. फायसारम हा श्लेष्मकवक कुजक्या लाकडावर पिवळ्या जाळ्यासारखा पसरतो. त्याला स्नायू नाहीत, पण त्याच्या आतले जीवद्रव्य जोराने पुढे-मागे वाहत असते. १९५२ मध्ये एरियल लोवी यांनी त्यात ॲक्टोमायोसिनसारखे काही असल्याचे दाखवले. १९५९ मध्ये रक्तातील बिंबिकांत तसेच आकुंचनशील प्रथिन सापडले. शेवटी १९६६ मध्ये जपानमधील नागोया येथे सादाशी हातानो आणि फुमिओ ओसावा यांनी फायसारममधून ॲक्टिन शुद्ध स्वरूपात वेगळे केले. स्नायूशी कसलेही नाते नसलेल्या जीवात स्नायूचे प्रथिन होते. आता शंका नावाचीच घ्यायला हवी होती.

तीन वर्षांनी, १९६९ मध्ये, हारुनोरी इशिकावा, रिचर्ड बिशॉफ आणि हॉवर्ड होल्ट्झर यांनी अमेरिकेत एक युक्ती योजली. मायोसिनचा तुकडा ॲक्टिनच्या तंतूवर बसला की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बाणाच्या टोकांची रांग दिसते, हे ह्यू हक्सली यांनी आधी दाखवले होते. होल्ट्झर यांच्या गटाने हा तुकडा कूर्चेच्या आणि इतर निरनिराळ्या पेशींत सोडला. जेथे जेथे पातळ तंतू होते तेथे तेथे बाण उमटले. या बाणांमुळे तंतूला दिशा आहे हेही कळले. त्याची दोन टोके सारखी नाहीत. एका टोकाला नवे रेणू वेगाने जोडले जातात, दुसऱ्याला सावकाश.

१९७४ मध्ये एलियास लाझारिदेस आणि क्लाउस वेबर यांनी ॲक्टिनला ओळखणारी प्रतिपिंडे बनवून त्यांना चकाकणारा रंग जोडला आणि पेशीत सोडले. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर पेशीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेल्या तंतूंच्या जुड्या झळकल्या. पुढे हेच काम एका विषाने अधिक सोपे केले. 'डेथ कॅप' या प्राणघातक अळंबीतील फॅलॉइडिन हे द्रव्य १९३७ मध्येच म्युनिकमध्ये स्फटिकरूपात मिळवले गेले होते. ते ॲक्टिनच्या तंतूला घट्ट बिलगते आणि त्याला विरघळू देत नाही. १९७९ पासून त्याला रंग जोडून पेशी रंगवल्या जाऊ लागल्या. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ही रीत चालते.

प्रथिनांतील घटकांचा क्रम वाचता येऊ लागल्यावर उरलेसुरले कुंपणही पडले. ॲक्टिन ही सुमारे ३७५ अमिनो आम्लांची साखळी आहे. माणसात तिची सहा जनुके आहेत: चार स्नायूंसाठी, दोन इतर पेशींसाठी. स्नायूतील ॲक्टिन आणि त्वचेच्या पेशीतील ॲक्टिन यांची साखळी नव्वद टक्क्यांहून अधिक जुळते. २००१ मध्ये जिवाणूंतही त्याच घडणीचे एक प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, म्हणजे या घराण्याची मुळे स्नायूच्या कितीतरी आधीची आहेत. स्नायू हा ॲक्टिनचा मूळ गाव नव्हेच. उत्क्रांतीने फार उशिरा दिलेली ती एक नोकरी आहे.

४

पण दोर स्वतः ढकलू कसा शकेल? दोराने ओढता येते, ढकलता येत नाही. सरपटणाऱ्या पेशीची पुढची कड मात्र स्पष्टपणे बाहेर ढकलली जाते. या प्रश्नाचे उत्तर श्ट्राउब यांच्या त्या रासायनिक गमतीत होते. ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ पासूनच ॲक्टिनचे रेणू तंतूत जोडले जाण्याच्या क्रियेकडे भौतिकीच्या दृष्टीने पाहिले होते. सुट्या रेणूंचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की तंतू वाढू लागतात, खाली आले की ते झिजतात. आल्ब्रेख्त वेगनर यांनी १९७६ मध्ये दाखवले की तंतूच्या एका टोकाला रेणू जोडले जात असतानाच दुसऱ्या टोकाचे गळत राहू शकतात. तंतूची लांबी तीच राहते, पण त्यातले रेणू सतत बदलतात. वारीतल्या दिंडीची रांग जशी तीच दिसते, पण तिच्यातली माणसे पुढे सरत असतात, त्यासारखेच हे. अशा वाढत्या टोकांच्या पुढे पेशीचे पातळ आवरण असेल तर ते पुढे रेटले जाईल.

याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा एका रोगजंतूने दिला. दूषित अन्नातून पोटात जाणारा लिस्टेरिया हा जिवाणू माणसाच्या पेशीत शिरतो आणि तिच्यातून थेट शेजारच्या पेशीत घुसतो. १९८९ मध्ये लुईस टिल्नी आणि डॅनियल पोर्टनॉय यांनी तो हे कसे साधतो ते दाखवले. तो आपल्या मागे पेशीच्याच ॲक्टिनची धूमकेतूसारखी शेपटी उभारतो आणि तिच्या रेट्याने पुढे जातो. त्याला स्वतःचे इंजिन लागत नाही. यजमानाचे सामान त्याला पुरते. १९९२ मध्ये ज्यूली थेरियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेपटीच्या वाढीचा वेग आणि जिवाणूचा वेग जुळतो हे मोजून सिद्ध केले.

शेपटीत शाखा फुटतात कशा, याचे उत्तर एका अमीबातून आले. १९९४ मध्ये टॉमस पोलार्ड यांच्या प्रयोगशाळेत लॉरा मॅकेस्की यांनी अकांथामीबातून सात प्रथिनांचा एक संच वेगळा काढला. त्याला आर्प २/३ म्हणतात. तो जुन्या तंतूच्या अंगावर बसून सुमारे सत्तर अंशांच्या कोनात नवा तंतू फुटवतो. लिस्टेरिया हाच संच कामाला लावतो हे १९९७ मध्ये कळले. १९९९ मध्ये फ्रान्समधील मारी-फ्रान्स कार्लिए आणि दोमिनिक पांतालोनी यांच्या गटाने मोजक्या शुद्ध प्रथिनांचे मिश्रण एटीपीसह काचेच्या नळीत ठेवून त्यात जिवाणू सोडले आणि ते धावू लागले. सेगेदच्या बशीत धागा आखडला होता. त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी नळीत तंतू ढकलू लागला. हालचालीची दोन अंगे, ओढणे आणि ढकलणे, आता दोन्ही जिवंत पेशीबाहेर उभी करता आली होती.

या यंत्राला आज्ञा कोण देते, हेही याच दशकात उलगडले. १९९२ मध्ये लंडनमध्ये ॲन रिडली आणि ॲलन हॉल यांनी दाखवले की रो नावाचे एक छोटे प्रथिन चेतवले की पेशीत ताणलेल्या जुड्या उभ्या राहतात, आणि रॅक चेतवले की पेशीची कड पडद्यासारखी लहरू लागते. आज्ञेची साखळी कोठे तुटली तर काय होते, याचे उत्तर रुग्णांच्या खाटेवर मिळते. विस्कॉट-ऑल्ड्रिच या आनुवंशिक रोगात, जो प्रामुख्याने मुलग्यांना होतो, आर्प २/३ ला जागे करणाऱ्या प्रथिनातच दोष असतो. परिणामी रक्त गोठण्यात अडचण येते आणि संसर्गाशी लढणाऱ्या पेशी जागच्या जागी दुबळ्या पडतात.

५

भ्रूणशास्त्राच्या घरी हा धागा दुसऱ्या वाटेने पोहोचला. सपाट पेशीपटलाची नळी कशी होते, हा तिथला जुना प्रश्न. १९४७ मध्ये वॉरेन लुइस यांनी पितळी पट्ट्या आणि रबरी दोऱ्या जोडून एक प्रतिकृती केली. प्रत्येक 'पेशी'च्या वरच्या टोकाची रबरी दोरी अधिक ताणली की संपूर्ण ओळ आपोआप आत वळते. खऱ्या पेशीत ही रबरी दोरी कोणती, ते तेव्हा माहीत नव्हते. १९६७ मध्ये सायटोकॅलेसिन हे बुरशीजन्य द्रव्य हाती आले. त्याने पेशीतले पातळ तंतू विस्कटतात. १९७१ मध्ये नॉर्मन वेसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक विकासक्रियांवर या द्रव्याचा परिणाम एकत्र मांडला: पेशीविभाजनाचे कडे सुटते, चेतापेशीचे पुढे सरकणारे टोक थांबते, ग्रंथींना पडणाऱ्या घड्या थांबतात.

माणसाच्या गर्भात मेंदू आणि मज्जारज्जू यांची आद्य नळी चौथ्या आठवड्याच्या अखेरीस मिटते. पुष्कळ मातांना तोवर आपण गर्भवती असल्याचेही ठाऊक नसते. ही नळी मिटताना तिच्या पेशींची वरची टोके ॲक्टिन आणि मायोसिनच्या ओढीने आवळली जातात, लुइस यांच्या रबरी दोऱ्यांप्रमाणेच. १९९९ मध्ये उंदरात श्रूम नावाचे जनुक सापडले. ते बिघडले की नळी उघडी राहते, आणि त्याचे प्रथिन ॲक्टिनला बिलगणारे असते. दहा वर्षांनी, २००९ मध्ये, फळमाशीच्या गर्भात एरिक विशाउस यांच्या गटाला दिसले की ही आवळण्याची क्रिया सलग नसते. पेशी आखडते, थांबते, मिळवलेले अंतर धरून ठेवते आणि पुन्हा आखडते. विहिरीतून दोर ओढणारा माणूस हात बदलताना जसे करतो, तसेच हे. बाळाच्या पाठीचा कणा मिटणे वा न मिटणे या लहानशा आवर्तनांवर अवलंबून असते.

६

आता कर्करोग. येथे आम्हांस एका कवीच्या मुलाचा परिचय करून द्यायचा आहे. लॅसेल्स ॲबरक्रॉम्बी हे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या 'जॉर्जियन' इंग्रज कवींपैकी एक. त्यांचा मुलगा मायकेल (१९१२–१९७९) प्राणिशास्त्रज्ञ झाला. युद्धोत्तर लंडनमध्ये त्याने जोन हेस्मन यांच्यासह कोंबडीच्या गर्भातील हृदयाच्या पेशी काचेवर वाढवल्या आणि त्यांच्या चालीचे चित्रीकरण केले. १९५३-५४ मध्ये त्यांनी नोंदवले की दोन पेशींची टक्कर झाली की पुढे सरणारी कड थबकते, मावळते आणि पेशी दुसरी दिशा धरते. त्यांनी याला 'कॉन्टॅक्ट इन्हिबिशन', म्हणजे स्पर्शजन्य प्रतिबंध, असे नाव दिले. त्यानंतर त्यांनी सार्कोमा या कर्करोगाच्या पेशी सामान्य पेशींसमोर सोडल्या. त्या थबकल्या नाहीत. त्या शेजाऱ्यांच्या गर्दीत शिरल्या.

ही नोंद साधी होती, पण तिने कर्करोगाचा प्रश्न बदलला. तोवर कर्करोग म्हणजे वाढ, बेसुमार विभाजन, असे मानले जाई. ॲबरक्रॉम्बी यांनी त्यात वर्तनाचा मुद्दा आणला: ही पेशी शेजाऱ्याची हद्द ओळखत नाही. आणि येथे पुन्हा एकदा नावाने घात केला. 'कॉन्टॅक्ट इन्हिबिशन' हाच शब्द पुढे पेशींची गर्दी झाली की विभाजन थांबते या निराळ्या घटनेसाठी वापरला जाऊ लागला. हा दुसरा अर्थ इतका पसरला की पहिला झाकला गेला. वाढीचे संशोधन महामार्ग बनले, चालीचे संशोधन पायवाट राहिली. ॲबरक्रॉम्बी यांनी १९७० च्या सुमारास पेशीच्या पुढे सरणाऱ्या पातळ कडेचे सविस्तर वर्णन केले. ती 'लॅमेलिपोडियम' आज पाठ्यपुस्तकांत आहे आणि तिच्यात आर्प २/३ ने फुटवलेल्या ॲक्टिनच्या शाखांचे दाट जाळे असते हे आता आपण जाणतो. २००८ मध्ये गर्भातील 'न्यूरल क्रेस्ट' पेशी जिवंत शरीरात याच स्पर्शजन्य प्रतिबंधाने एकमेकींपासून पांगतात हे दिसले. याच पेशींपासून त्वचेच्या रंगपेशी बनतात, आणि रंगपेशी बिघडल्या की मेलॅनोमा हा सर्वदूर पसरणारा कर्करोग होतो. गर्भात जो प्रवास शिस्तीत झाला, तोच रोगात शिस्तीविना पुन्हा घडतो.

कर्करोगाच्या पेशीला बाहेर पडायचे तर आधी आधारपटल फोडावे लागते. हे पटल अभिस्तराखाली पसरलेली एक पातळ चटई आहे. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा तपासणीला गेला की सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा वैद्य हेच शोधत असतो: पेशींनी ही चटई ओलांडली आहे काय? तंबाखूने ग्रासलेल्या आपल्या महाराष्ट्रात या एका प्रश्नाच्या उत्तरावर असंख्य कुटुंबांचे पुढचे दिवस ठरतात. १९८० च्या दशकात असे दिसले की आक्रमक पेशी खालच्या बाजूने ॲक्टिनचे छोटे खुंट रोवतात आणि त्यांच्या टोकाशी प्रथिने विरघळवणारे विकर सोडतात. १९८९ मध्ये वेन-टिएन चेन यांनी त्यांना 'इनव्हॅडोपोडिया' म्हटले, म्हणजे घुसखोरीचे पाय.

विकरच थांबवले तर घुसखोरी थांबेल, हा तर्क स्वाभाविक होता. १९९० च्या दशकात अशी औषधे रुग्णांवर अजमावली गेली आणि त्यांनी मोठी निराशा केली. कारणे अनेक होती: रोग पुढे गेलेल्या रुग्णांची निवड, सांधेदुखीसारखे दुष्परिणाम, आणि सारेच विकर शत्रू नसणे. २००३ मध्ये पीटर फ्रीडल आणि कातारिना वोल्फ यांच्या गटाने प्रयोगशाळेत आणखी एक कारण दाखवले. विकर अडवले की काही कर्कपेशी चाल बदलतात. चटई कापण्याऐवजी त्या अमीबासारख्या मऊ, गोल होऊन ऊतीतल्या फटींतून निसटतात. त्यांना एका दारातून अडवले की त्या दुसऱ्या दाराने जातात, कारण दोन्ही दारांच्या किल्ल्या त्याच ॲक्टिन आणि मायोसिनच्या जुडग्यात आहेत. क्यूनेने १८६४ मध्ये एकत्र पाहिलेले अमीबा आणि स्नायू येथे, अत्यंत दुर्दैवी ठिकाणी, पुन्हा एकत्र आले.

७

मग ॲक्टिनवरच घाव का घालू नये? पेशीकंकालाच्या दुसऱ्या भावंडावर, सूक्ष्मनलिकांवर, टॅक्सॉलसारखी औषधे यशस्वीपणे वापरली जातातच. अडचण अशी की कर्कपेशीचे ॲक्टिन आणि हृदयाचे ॲक्टिन जवळजवळ सारखेच आहे. सायटोकॅलेसिन प्रयोगशाळेत अमूल्य आहे, औषध म्हणून निरुपयोगी. ज्याने बाळाची पाठ मिटली, जखम भरून आली, हृदय धडधडले, तोच धागा घुसखोराच्याही हाती आहे. म्हणून संशोधकांचे लक्ष आता धाग्यावरून धाग्याला आज्ञा देणाऱ्या प्रथिनांकडे गेले आहे. रोच्या आज्ञेत काम करणारे एक विकर अडवणारे फासुडिल हे औषध जपानमध्ये १९९५ पासून मेंदूतील रक्तस्रावानंतर रक्तवाहिन्या आखडू नयेत म्हणून दिले जाते. अशा आज्ञा थोपवता येतात याची तेवढी तरी खात्री आहे. २०१७ मध्ये प्रागमधील संशोधकांनी कर्कपेशीची चाल रोखणाऱ्या औषधांसाठी 'मायग्रास्टॅटिक्स' हा नवा शब्द सुचवला. त्यांचे म्हणणे असे की, गाठ किती आटली यावरून औषधाचे यशापयश मोजण्याच्या पद्धतीत चाल रोखणारे औषध नेहमीच नापास होईल, कारण ते गाठ आटवतच नाही. कर्करोगाने होणारे बहुतेक मृत्यू तो दूर पसरल्यामुळे होतात, आणि तरीही आपली मोजपट्टी मात्र वाढीची आहे. ॲबरक्रॉम्बी यांच्या शब्दाचा अर्थ हरवला त्याचे मोल आपण अजून चुकवत आहोत, असे म्हटले तर ते फार चुकीचे ठरू नये. या नव्या शब्दाचे भवितव्य काय, हे रुग्णांवरील चाचण्या ठरवतील. पण प्रश्नाला स्वतःचे नाव मिळाले, हेही थोडे नाही.

सेंट-ग्यॉर्गी १९४७ मध्ये अमेरिकेला गेले आणि वूड्स होल येथे स्थायिक झाले. पत्नी आणि कन्या दोघीही कर्करोगाने गेल्या. आयुष्याची अखेरची दशके त्यांनी कर्करोगाच्या शोधात घालवली आणि १९८६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या काळात ते इलेक्ट्रॉनच्या पातळीवर रोगाचे मूळ शोधत होते. तो मार्ग फारसा फळाला आला नाही. रोगाच्या प्रसाराचा एक मुख्य धागा त्यांच्याच सेगेदच्या प्रयोगशाळेत, बांगा यांच्या दाट द्रावात आणि श्ट्राउब यांच्या कोरड्या भुकटीत होता. पण तो स्नायूच्या खणात ठेवलेला होता, आणि त्या खणावरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच्याच प्रयोगशाळेत लिहिलेली होती.